शांतिसेनेकडून काय अपेक्षा धरावी? दक्षिण सुदानच्या अनुभवातून एक उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना 1948 पासून जगभर तैनात होते आहे, तरी काँगो असो की दक्षिण सुदान, माणसं मरतच आहेत. मग या सेनेचा उपयोग काय, आणि आपले जवान तिथं कशाला पाठवायचे? मी भारतीय लष्कराच्या पायदळात होतो आणि दक्षिण सुदानमध्ये निळी टोपी घालून काम केलं आहे, त्यामुळे उत्तर मुख्यतः त्याच देशाच्या आधारे देतो.

आधी सरळ उत्तर. शांतिसेना युद्ध थांबवू शकत नाही. युद्ध लढणारेच थांबवतात, तेही त्यांना थांबायचं असेल तेव्हा. शांतिसेनेच्या हातून दोन कामं होतात. लढणाऱ्यांनी थांबायचं ठरवलं असेल, तर तो करार मोडू नये म्हणून मध्ये उभं राहणं हे पहिलं. आणि त्यांनी तसं ठरवलंच नसेल, तर आपल्या आवाक्यातल्या साध्या माणसांना जिवंत ठेवणं हे दुसरं. पहिल्या कामात तिचा इतिहास लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच चांगला आहे. दुसऱ्या कामात एका ठिकाणी हजारो जीव वाचतात आणि दुसऱ्या ठिकाणी कुंपणाच्या आत माणसं मारली जातात. हा फरक कुठून येतो, ते नीट समजून घ्यायला हवं.

पहिल्या कामाबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथं वाद कमी आहे. नामिबियात 1989-90 मध्ये भारताचे लेफ्टनंट जनरल देवान प्रेमचंद यांच्या हाताखालच्या फौजेनं निवडणुका पार पाडून दिल्या आणि देश स्वतंत्र झाला. मोझांबिकमध्ये 1992 च्या करारानंतर तेच झालं. सिएरा लिओनमध्ये सुरुवात भयानक होती. मे 2000 मध्ये बंडखोरांनी शेकडो शांतिसैनिकांना ओलीस धरलं, कैलाहुनला आपल्या गोरखा रायफल्सच्या दोन कंपन्या वेढल्या गेल्या आणि जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ करून त्यांना बाहेर काढावं लागलं. पुढे फौज वाढली, ब्रिटिश सैन्याच्या हस्तक्षेपाचीही मदत झाली, 2002 मध्ये युद्ध संपल्याचं जाहीर झालं आणि 2005 अखेर ती मोहीम गुंडाळली गेली. तिथं आजतागायत यादवी परतलेली नाही. लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टचंही तसंच. अशा देशांच्या बातम्या आपल्यापर्यंत येत नाहीत, कारण न पेटलेल्या युद्धाची बातमी होत नाही. या विषयावर संख्याशास्त्रीय अभ्यासही बरेच झालेत. करारानंतर शांतिसेना असेल तर युद्ध पुन्हा भडकण्याची शक्यता पुष्कळ कमी होते, आणि सशस्त्र सैनिक व पोलीस जितके जास्त, तितके नागरिकांचे मृत्यू कमी, असंच त्यांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. नुसते निःशस्त्र निरीक्षक पाठवले तर मात्र हा फायदा दिसत नाही.

आता दुसरं काम.

दक्षिण सुदान 9 जुलै 2011 रोजी स्वतंत्र झाला आणि त्याच सुमारास तिथं ‘अनमिस’ ही संयुक्त राष्ट्रांची मोहीम उभी राहिली. नव्या सरकारला देश उभारायला मदत करायची, असं तिच्या मँडेटमध्ये, म्हणजे सुरक्षा परिषदेनं नेमून दिलेल्या कामांत, लिहिलं होतं. म्हणजे सरकार आपला भागीदार आहे, हे गृहीत धरलेलं. 15 डिसेंबर 2013 च्या रात्री राजधानी जुबामध्ये राष्ट्राध्यक्षांच्या संरक्षक दलातच गोळीबार सुरू झाला. एका बाजूला राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर, दुसऱ्या बाजूला त्यांनीच काढून टाकलेले उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार. एक डिंका जमातीचे, दुसरे नुएर जमातीचे. पाहता पाहता जुबामध्ये नुएर लोकांना घराघरांतून शोधून मारायला सुरुवात झाली, आणि इतर शहरांत उलट्या दिशेनंही तेच झालं. लोक मुलाबाळांना घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या तळांकडे पळाले. फाटकं उघडली गेली.

हा निर्णय वाटतो तितका सोपा नव्हता. त्या तळांवर इतक्या लोकांसाठी ना पाणी होतं, ना संडास, ना पुरेसं कुंपण. शिवाय फाटक उघडलं की यजमान सरकारच्या नजरेत तुम्ही शत्रूला आसरा देणारे ठरता. पण ज्यांना निर्णय घ्यायचा होता त्यांना रवांडा आठवत होतं. एप्रिल 1994 मध्ये किगालीतल्या एका शाळेत दोन हजारांच्या आसपास लोक बेल्जियन शांतिसैनिकांच्या भरवशावर थांबले होते. सैनिक निघून गेले आणि त्यांतल्या बहुतेकांची कत्तल झाली. त्याच महिन्यात सुरक्षा परिषदेनं तिथली अडीच हजारांची फौज 270 वर आणायचं ठरवलं, तेही कत्तल चालू असताना. कमांडर जनरल डॅलेअर यांनी मूठभर माणसांनिशी थांबून हजारो जीव वाचवले, पण एकूण रवांडात आठ लाखांच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सामध्ये ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलेल्या गावातून सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे नेऊन मारले गेले.

दक्षिण सुदानमध्ये ते घडू दिलं नाही. जुबा, बोर, मलाकाल, बेंटिऊ इथल्या तळांच्या आत आणि लगत उभ्या राहिलेल्या छावण्यांत एका वेळी दोन लाखांहून अधिक माणसं राहिली, तीही वर्षानुवर्षं. ती बाहेर असती तर त्यांतली कितीतरी आज नसती. शांतिसेनेचा हिशेब मांडताना हा आकडा जमेच्या बाजूला धरायलाच हवा. तो धरला जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण आत घेतलं म्हणजे वाचवलं, असंही नाही. जुबा पेटल्यावर चारच दिवसांत, 19 डिसेंबरला, इथिओपियाच्या सीमेजवळच्या अकोबोतल्या आपल्या छोट्या तळावर सुमारे दोन हजार सशस्त्र नुएर तरुण चालून आले. आत चाळीसेक भारतीय जवान आणि आसऱ्याला आलेले थोडे डिंका लोक होते. दोन भारतीय जवान लढताना गेले, आणि हल्लेखोरांनी ज्यांच्यासाठी ही चाल केली होती ते बहुतेक डिंकाही मारले गेले. चाळीस माणसांनी दोन हजारांना तोंड देणं हे शौर्याचं काम आहे, पण अशा तळावर लोकांना संरक्षण मिळेल असं आश्वासन देणं हे नियोजनाचं अपयश आहे. एप्रिल 2014 मध्ये बोरच्या तळावर निवेदन द्यायला आल्याचं सांगत सशस्त्र जमाव आत घुसला. जवानांनी गोळीबार करून त्याला परतवलं, तरी तोवर पन्नासच्या आसपास माणसं गेली होती. त्या छावणीत पाच हजार लोक होते. तिथं कोणी परवानगीची वाट पाहत बसलं असतं तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

कारण मलाकालला तेच झालं. 17 आणि 18 फेब्रुवारी 2016. छावणीत शिलुक, नुएर आणि डिंका असे तिन्ही समाज राहत होते. आत भांडण पेटलं, मग कुंपण कापून सरकारी सैन्याच्या गणवेशातली माणसं शिरली आणि त्यांनी झोपड्यांना आगी लावल्या. किमान 25 माणसं मेली, छावणीचा मोठा भाग जळाला, हजारो लोक पुन्हा बेघर झाले. तळावर अनेक देशांच्या तुकड्या होत्या, भारताचीही होती. चौकशीत जे निघालं ते वाचताना कुठल्याही सैनिकाची मान खाली जाईल: काही पहारे सोडून दिले गेले, हुकूम कोणाचा याबद्दल गोंधळ होता, बळाचा वापर करायला लेखी परवानगी मागितली गेली. नियमांत अशी परवानगी लागतच नव्हती. सुरक्षा परिषदेच्या मे 2014 च्या ठराव 2155 पासून नागरिकांचं संरक्षण हे मोहिमेचं पहिलं काम होतं आणि त्यासाठी शस्त्र चालवायची मुभा स्पष्ट शब्दांत होती.

त्याच वर्षी जुलैमध्ये जुबात पुन्हा लढाई पेटली. संयुक्त राष्ट्रांच्या मुख्य तळापासून जेमतेम सव्वा किलोमीटरवर ‘टेरेन’ नावाच्या निवासात मदतसंस्थांच्या लोकांवर सरकारी सैनिकांनी हल्ला केला, बलात्कार केले, एका स्थानिक पत्रकाराला ठार मारलं. आतून फोनवर फोन येत होते, पण तळावरची एकही तुकडी बाहेर पडली नाही. त्याच लढाईत चिलखती गाडीवर रॉकेट पडून दोन चिनी शांतिसैनिकांचाही बळी गेला, म्हणजे धोका खराच होता. डच लष्कराचे निवृत्त मेजर जनरल पॅट्रिक कॅमर्ट यांच्या चौकशीनंतर केनियाच्या फोर्स कमांडरला, म्हणजे मोहिमेच्या सैन्यप्रमुखाला, पदावरून काढलं गेलं आणि रागावलेल्या केनियानं आपले सैनिक परत बोलावले.

एकच देश, एकच मँडेट, नियमही तेच. मग बोरला गोळी सुटते आणि मलाकालला लेखी परवानगी मागितली जाते, असं का? याचं उत्तर माझ्या मते संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयाइतकंच सैन्य पाठवणाऱ्या देशांच्या राजधान्यांत आहे.

संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचं सैन्य नाही. प्रत्येक देश करार करून आपली तुकडी, गाड्या आणि हत्यारं देतो. त्या बदल्यात संयुक्त राष्ट्रं देशाला परतावा देतात. 2022 मध्ये तो दर सैनिकामागे महिन्याला 1,448 डॉलर ठरला. कागदावर ती तुकडी फोर्स कमांडरच्या हुकमात असते. प्रत्यक्षात कंटिंजंट कमांडरच्या, म्हणजे त्या देशाच्या तुकडीप्रमुखाच्या, टेबलावर दुसरा एक फोन असतो आणि तो मायदेशी लागतो. ‘रात्री बाहेर जायचं नाही’, ‘तळापासून इतक्या अंतराबाहेर नाही’, ‘सरकारी सैन्याशी भिडायचं नाही’ अशा अटी तिकडून येतात. काही देश त्या आधी लेखी कळवतात. त्याचं एक वेळ चालतं, कारण फोर्स कमांडरला कोणावर कितपत विसंबायचं ते कळतं. घात होतो तो न सांगितलेल्या अटींमुळे. जुलैच्या त्या दिवसासारख्या दिवशी, हुकूम सुटल्यावर, कळतं की ही तुकडी हलणार नाही. आणि त्या कमांडरच्या जागी उभं राहून पाहा. काही न करता दिवस काढला तर नोकरीला धक्का लागत नाही. पण बाहेर पडून चार जवान गमावले, तर घरी चौकशी ठरलेली. लेखी परवानगी मागण्याची वृत्ती येते ती इथून. ती बदलायची तर पुढाकार घेणाऱ्याच्या पाठीशी त्याचा देश उभा राहील, हे त्याला निघण्याआधीच माहीत असायला हवं.

दुसरी अडचण यजमान सरकारची. शांतिसेना त्या सरकारच्या संमतीनं तिथं असते. करारानुसार तिला देशभर मुक्तपणे फिरता यायला हवं. प्रत्यक्षात चेकपोस्टवरचा वीस-बावीस वर्षांचा पोरगा बंदूक आडवी धरून म्हणतो, जुबाहून कागद आणा. हेलिकॉप्टर उडवायचं तर सरकारी सैन्याकडून सुरक्षेची हमी घ्यावी लागते, आणि ती का घ्यावी लागते हे डिसेंबर 2012 मध्ये सगळ्यांनी पाहिलं. सरकारी सैन्यानं संयुक्त राष्ट्रांचं हेलिकॉप्टर पाडलं आणि त्यातले चारही रशियन कर्मचारी गेले. चेकपोस्टवर अडून बसायचं की मागे फिरायचं, हे प्रत्येक गस्तीला ठरवावं लागतं. मी अडून बसण्याच्या बाजूचा आहे. एकदा मागे फिरलात की तो रस्ता कायमचा बंद झाला असं समजा. तासन्‌तास थांबा, चहा प्या, वरच्यांना फोन लावा, पण गाडी वळवू नका. मात्र सरकारच ‘चालते व्हा’ म्हणालं, तर काहीच उपाय राहत नाही. मालीच्या लष्करी राजवटीनं जून 2023 मध्ये तेच केलं आणि वर्षअखेरीला ती मोहीम बंद झाली.

तिसरी अडचण निव्वळ अंकगणिताची. दक्षिण सुदान महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आहे. 2016 नंतर सैनिकांची कमाल मर्यादा 17,000 ठरली. त्यातून इंजिनिअर, इस्पितळं, सिग्नल, स्वयंपाकी, तळांचे पहारे वजा करा. 850 जणांच्या बटालियनमधून एखाद्या दिवशी शंभर-सव्वाशे जवान गस्तीला बाहेर असले, तर तो चांगला दिवस म्हणायचा. त्या काळात लांबचा डांबरी रस्ता म्हणाल तर जुबापासून युगांडाच्या सीमेवरच्या निमुलेपर्यंतचा, सुमारे 190 किलोमीटरचा. बाकी सगळी माती. मलाकालची जमीन काळी, कापसाची. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको की पावसात त्या मातीत काय होतं. मे महिन्यापासून पुढचे पाच-सहा महिने दहा-बारा टनांची चिलखती गाडी जागेवरून हलत नाही. मग उरतात ती हेलिकॉप्टरं आणि नाईलमधले तराफे. म्हणून कुठल्याही मोहिमेची ताकद जोखायची तर मी आधी हेलिकॉप्टरं किती आहेत ते विचारतो.

एवढं सगळं असूनही काम होतं, आणि ते कसं होतं ते एका साध्या गोष्टीवरून सांगतो. छावणीत धान्य मिळतं, सरपण मिळत नाही. त्यासाठी बायकांना बाहेर जावं लागतं. बायकाच का? घराघरांत हिशेब झालेला असतो: पुरुष गेला तर त्याला मारतील, बाई गेली तर बलात्कार होईल पण ती परत येईल. नोव्हेंबर 2018 च्या अखेरीला बेंटिऊजवळच्या रस्त्यांवर असे हल्ले झालेल्या 125 बायका आणि मुलींवर ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’नं दहा दिवसांत उपचार केले. कीर आणि माचार यांच्यातल्या शांतता कराराला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

यावर उपाय म्हणजे सरपणाची गस्त. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण ती चुकीची केली तर तिचा काडीचाही उपयोग नाही. नाश्ता करून नऊ वाजता निघणारी गस्त काय कामाची? बायका पहाटे निघतात, उन्हाच्या आधी परततात. गाडीत बसून रस्त्यानं एक फेरी मारली, रिपोर्टमध्ये ‘गस्त पूर्ण’ असं लिहिलं, तरी हल्लेखोर झाडीत बसून गाडी जाण्याची वाट पाहतात. गाडीतून उतरून चालावं लागतं. कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूला, किती लांब जाणार हे आदल्या दिवशी बायकांनाच विचारावं लागतं, आणि त्यासाठी बाई दुभाषी आणि गस्तीत महिला सैनिक लागतात, कारण पुरुषाला त्या खरं सांगत नाहीत. रस्त्याच्या दोन्ही कडांची झाडी तोडावी लागते. बेंटिऊला त्या घटनेनंतर गस्ती वाढवल्या गेल्या आणि झाडी साफ केली गेली. ते आधीच व्हायला हवं होतं. अनमिसमध्ये निरीक्षक असलेल्या आपल्या मेजर सुमन गवानी यांना 2019 सालचा संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, तो संघर्षात होणाऱ्या लैंगिक हिंसेविरुद्धच्या अशाच कामासाठी. पुढे 2019 ते 2022 तिथले फोर्स कमांडर आपले लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर होते. त्यांच्या काळात बऱ्याचशा छावण्यांवरचा पहारा काढून ते सैनिक दूरच्या गावांकडे गस्तीला आणि तात्पुरत्या तळांवर पाठवले गेले. मलाकालची छावणी तेवढी जुन्या व्यवस्थेत राहिली. मला हा निर्णय पटतो. कुंपण राखणारा जवान आतल्यांना वाचवतो, पण बहुसंख्य लोक बाहेर असतात.

शांतिसेनेच्या बाजूनं बोलताना तिचे गुन्हे झाकायचे नाहीत. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात आणि काँगोत शांतिसैनिकांनी बायका-मुलांचं लैंगिक शोषण केलं आहे. खटला चालवण्याचा अधिकार त्या सैनिकाच्या देशाकडे असतो आणि अनेक देश तो चालवत नाहीत. हैतीत 2010 मध्ये नेपाळी तुकडीच्या तळावरचं सांडपाणी नदीत गेलं, कॉलरा पसरला, दहा हजारांच्या आसपास माणसं दगावली आणि संयुक्त राष्ट्रांनी माफी मागायला 2016 उजाडलं. ज्यांना वाचवायला गेलो त्यांनाच हे भोगावं लागलं. याचं समर्थन होऊ शकत नाही. दोषी तुकडी मायदेशी धाडण्याची तरतूद 2016 च्या ठराव 2272 मध्ये आहे, ती कुठल्याही देशाची भीड न ठेवता वापरायला हवी.

आता आपल्या जवानांचं. आजवर भारताचे जवळजवळ तीन लाख सैनिक पन्नासेक मोहिमांत गेले आणि 180 च्या आसपास परतले नाहीत. इतकी माणसं दुसऱ्या कुठल्याही देशानं गमावलेली नाहीत. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना परमवीर चक्र मिळालं ते 1961 च्या काँगो मोहिमेतल्या बलिदानासाठी. दक्षिण सुदानमध्येच 9 एप्रिल 2013 रोजी जोंगलेई प्रांतात काफिल्यावर हल्ला झाला, त्यात लेफ्टनंट कर्नल महिपाल सिंग यांच्यासह पाच भारतीय सैनिक गेले. पैशासाठी आपण जातो, हा आरोप मी अनेकदा ऐकला आहे. जवानाला परदेशी भत्ता मिळतो आणि त्यातून गावाकडे घर उभं राहतं, यात लपवण्यासारखं काही नाही. पण देश म्हणून भारताला तो परतावा किरकोळ आहे, आणि तोही वर्षानुवर्षं थकतो.

माझं मत असं की भारतानं जवान पाठवत राहावं. आपल्या तुकड्या चालत गस्त घालू शकतात, आपली इस्पितळं मलाकाल आणि बोरमध्ये स्थानिकांवरही उपचार करत आली आहेत, आणि आपल्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिथल्या गुराख्यांच्या गायींवर उपचार करून जी ओळख मिळवली ती बंदुकीनं मिळाली नसती. डिंका आणि नुएर माणसासाठी गाय म्हणजे घरची तिजोरी, लग्नाचा व्यवहार आणि इभ्रत. मात्र मँडेट लिहिताना सैन्य पाठवणाऱ्या देशांना विचारलं गेलं पाहिजे, हा आग्रह भारत वर्षानुवर्षं धरतो आहे आणि तो बरोबर आहे. ठराव लिहिणाऱ्या मोठ्या देशांचे सैनिक अकोबोसारख्या तळावर सहसा नसतात.

हा आग्रह आत्ता जास्त जोरानं धरायची गरज आहे. साऱ्या शांतिमोहिमांचा वर्षाचा खर्च 2024-25 मध्ये साडेपाच अब्ज डॉलरच्या घरात होता, म्हणजे जगाच्या एकूण लष्करी खर्चाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तरी वर्गण्या थकल्या आणि ऑक्टोबर 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नऊ मोहिमांतली सुमारे पाव फौज कमी करायचं जाहीर केलं. दक्षिण सुदानमध्ये त्याच वर्षी मार्चमध्ये नासिर गावात संयुक्त राष्ट्रांच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार होऊन एक कर्मचारी मारला गेला, माचार नजरकैदेत गेले आणि 2018 चा करार मोडकळीला आला. म्हणजे धोका वाढत असताना माणसं कमी होत आहेत. माणसं कमी केली की मँडेटमधली कामंही तितकीच कमी करायला हवीत, आणि कोणता तळ बंद होणार हे भोवतालच्या लोकांना कित्येक महिने आधी कळायला हवं, म्हणजे ते कोरड्या दिवसांत, रस्ते चालू असताना, दुसरीकडे जाऊ शकतील. सुरक्षा परिषद यातलं पहिलं सहसा करत नाही, आणि दुसऱ्याची आठवण बहुतेकदा तळावरच्या कंपनी कमांडरलाच करून द्यावी लागते.